मंगळावर जाणाऱ्याचं रक्त

माहा पोरगा मंगळावर जायले निघाला होता. हसा, हसून घ्या. सारं गाव हसलं, मंग तुमीच काहून मागं राहता? टँकरवाला वाहेद तं रोज इचारे, "सिस्टर, संघपालचं रॉकेट आपल्या रखडत्या शकुंतला रेल्वेच्या आधी सुटन का मागून?" मीबी हसो. हसता हसता माहं काळीज कुठं जाये ते माहं मले ठाऊक.

मी भागीरथा. तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होती. रिटायर झाली तरी गाव मले सिस्टरच म्हणते. मूर्तिजापूरपासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव, खारपाणपट्ट्यात. आमच्या पायाखाली पाणी नाही असं नाही, धो धो पाणी आहे. पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, अन् वर्षानुवर्षं पिलं तं मूत्रपिंडं जातात. माहा नवरा जानराव बावन्नाव्या वर्षी त्यानंच गेला. आमच्या एका गल्लीत सात माणसं गेली. बाहेरचे लोकं वऱ्हाडातल्या मरणाची चौकशी करायले येत, तं त्याइले फक्त फवारणीचं औषध अन् दोर माहीत. हे पाण्याचं मरण हळू असते, त्याचा फोटो निघत नाही.

रिटायर झाल्यावर मी एक काम धरलं होतं. दर सोमवारी पहाटे गावातल्या बिमार माणसाइचं रक्त काढायचं, नळ्याइले नावाचे स्टिकर लावायचे, बर्फाच्या डब्यात ठेवायचे अन् साडेसातच्या एस.टी.नं मूर्तिजापूरच्या लॅबमंधी नेऊन द्यायचे. म्हाताऱ्या माणसाइचा तेवढाच हेलपाटा वाचे. लॅबवाले कोणाचं तोंड पाहत नव्हते, स्टिकर पाहत. तपासायचा असे एक आकडा, क्रिएटिनिन. रक्तात कचरा किती साचला ते तो सांगते. एकच्या आसपास असला तं माणूस चांगला. पाचच्या वर गेला का डायलिसिसची वाट.

संघपाल माहा एकुलता एक. फिजिक्समंधी एम.एस्सी. झाला, पण कायमची नोकरी कुठं भेटते? अमरावतीले राजापेठेत एका ट्युशन क्लासमंधी शिकवे. शनिवारी संध्याकाळी घरी ये, सोमवारी पहाटे वाहेदच्या रिकाम्या टँकरवर बसून स्टेशनात जाये. वय सत्तावीस. लग्नाचं नाव काढलं का म्हणे, "कोणत्या पोरीले या पाण्यावर आणू, माय?"

दोन हजार चौदाच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारी आला तो चप्पल न काढता चुलीपाशी येऊन बसला. म्हणला, "माय, माहं नाव लागलं." मले वाटलं, नोकरी लागली. मी डब्यातून साखर काढायले उठली. तं म्हणते, परदेशातली एक कंपनी मंगळावर वस्ती करणार आहे, दोन लाख लोकाइनं अर्ज केला होता, त्यातून सातशे निवडले, अन् त्यात हा.

"बरं," मी म्हणली, "वापस कधी येशीन?"

"वापस नाही, माय. एकाच बाजूनं जायचं आहे."

माह्या हातातला उलथना मी भिंतीवर फेकून मारला. लागला असता त्याले तं लागला असता, त्या वेळी मले शुद्ध नव्हती. "बापानं तुले याच्यासाठी शिकवलं? मेल्यावर माती कोण देईन मले, वाहेद?"

त्यानं उलथना उचलून चुलीपाशी ठेवला. तो असाच, बापावर गेला. म्हणला, "बाबासाहेबांनी सांगितलं होतं ना, गाव सोडा."

"गाव सोडा म्हणले होते, पृथ्वी सोडा नाही म्हणले!"

त्यावर तो हसला अन् मी रडली. मंग आमचं भांडण सुरू झालं ते तीन महिने चाललं. दर शनिवारी, भाकर वाढता वाढता. मी म्हणो, जिथं पाणी नाही, हवा नाही, तिथं माणसानं जाऊच नाही. देवानं द्यायची असती तं दिली असती, असं म्हणायची सोय आमच्या बौद्धाच्या घरात नाही, म्हणून मी म्हणो, निसर्गानं. तो म्हणे, "मंग इथं कोणी राहायले सांगितलं होतं? आपल्या आजा-पणजाले कोणी इचारलं होतं का, बाबा, हे पाणी पिण्याजोगं आहे का? बसवलं गावाच्या कडेले अन् बसले. माय, तिथल्या मातीतबी मीठच आहे, इखारी मीठ. प्यायचं पाणी गाळून घ्या लागन, मोजून भेटन. अर्जात इचारलं होतं, तुमालेच काहून घ्यावं? मी लिहलं, मी अशा जागी वाढलो जिथं पायाखालचं पाणी पिता येत नाही, गोडं पाणी टाकीत बसून बाहेरून येते, अन् तरी लोकं लग्नं करतात, पोरं होऊ देतात. मले नव्यानं काही शिकवा लागणार नाही."

"मोजून पाणी पिणारा माणूस कैदी असते," मी म्हणली. "इथलं खारं सोडून तिथल्या खाऱ्यात जाऊन काय मिळवशीन?"

"तिथं पहिल्या दिवसापासून सगळ्याइले ठाऊक राहीन का पाणी इखारी आहे. इथं बाबाले कोणी सांगितलं? तू नर्स होती ना? तू सांगितलं?"

मले कोणी सांगितलं नव्हतं, तं मी काय सांगू? उलट उन्हाळा आला का मीच घरोघरी जाऊन सांगत होती, पाणी भरपूर पीत जा बाप्पा, पाणी भरपूर पीत जा. जानरावच्या उशाशी तांब्या भरून मीच ठेवो.

मंग मार्चात कंपनीचं पत्र आलं. डॉक्टरच्या सहीसकट तब्येतीचे रिपोर्ट पाठवा, येत्या बुधवारपर्यंत, नाही तं नाव काटू. त्या वर्षी गारपिटीनं उभा गहू झोपवला होता, सारं गाव डोक्याले हात लावून बसलं होतं, अन् माहा पोरगा अंगणात उभा राहून आभाळाकडं पाहून शिट्टी वाजवून राहिला होता. मी त्या शिट्टीवर जळली. खरं सांगते, माह्या पोटच्या पोरावर मी जळली. मले वाटलं, हे सुख याले माह्यापासून लांब जायचं आहे.

सोमवारी पहाटे त्यानं हात पुढं केला. "माय, तूच काढ. तुह्या हाताचं दुखत नाही." मी रक्त काढलं. त्याच्या आधी शेजारच्या शेषरावभाऊचं काढलं होतं. शेषराव अडुसष्ट वर्षाचे, मूत्रपिंडाचे जुने बिमार, दर महिन्याले आकडा पाचच्या आसपास. दोन नळ्या माह्यापुढं होत्या, दोन स्टिकर हातात. संघपाल पाण्याच्या टँकरवर बसून गेला. टँकर वळणावर दिसेनासा झाला, अन् मी शेषरावचं नाव संघपालच्या नळीले लावलं, संघपालचं शेषरावच्या.

मी इचार केला नाही असं नाही. पक्का केला. शेषरावले एक महिना चांगला रिपोर्ट येईन, पुढच्या महिन्यात मी पुन्हा रक्त काढीन, खरा आकडा येईन, औषध चालूच आहे, एका महिन्यात काही होत नाही. पोराचं नाव कटन, चार दिवस रडन, मंग राहीन. माहं काम झालं. तीस वर्षाच्या नोकरीत अन् त्यामागूनबी एक स्टिकर इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता मी.

मंगळवारी रिपोर्ट आला. संघपाल, पाच पॉइंट एक. पोरगा अमरावतीहून धावत आला होता. कागद हातात घेऊन खाटेवर बसला. "माय, हे तं बाबासारखं झालं." डॉक्टरनं सही करायची गोष्टच नव्हती. बुधवार गेला, नाव कटलं. मले आनंद झाला. खोटं काहून बोलू? त्या रात्री मी तीन महिन्यांनी पोटभर जेवली.

गुरुवारी शेषरावची सून दीपमाला वाटी घेऊन आली. बाजारातून येता येता तिनं सासऱ्याचा रिपोर्ट स्वतःच आणला होता. "मावशी, तोंड गोड करा! मामाजीचं कमी झालं. निम्म्यावर आलं. आता काही भ्या नाही."

कमी होईनच ना, मनात म्हणली मी, सत्तावीस वर्षाच्या पोराचं रक्त आहे ते. तिच्या मुठीत रिपोर्टची चिठ्ठी होती. तिनं माह्यापुढं धरली, मी पाहिली नाही. शरम वाटली म्हणा, का त्यात मले नवं काय पाहायचं होतं म्हणा. तिनं माह्या तळहातावर साखर ठेवली अन् मी ती खाल्ली.

संघपाल भेला होता. म्हणे, नागपूरले मोठ्या डॉक्टरले दाखवू. मी म्हणली, थांब, आधी पुन्हा तपासू, मशीनचा काय भरोसा. त्याचं रक्त काढलं, अन् मोरीमागच्या नालीत ओतलं. तपासायचं काय होतं त्यात? मले तं माहीत होतं. अन् चांगला आकडा कागदावर आला असता तं त्यानं तो कंपनीले पाठवला असता, माहा सारा खटाटोप वाया. दोन दिवसानं सांगितलं, "दीड आलं. जरासं जास्त आहे, काळजी नाही. पाणी पीत जा."

"मंग पहिलं चुकीचं होतं?" त्यानं इचारलं. "म्हणजे माहं नाव चुकीनं कटलं?" अन् तो रडला, तोंडावर उशी घेऊन, लहानपणी रडे तसा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. रड बाप्पा, मनात म्हणली, पण इथंच रड.

पुढं उन्हाळ्यात त्याची कंबर दुखायले लागली. क्लासमंधी सहा-सहा तास उभं राहणं, दुखणारच. या गावात दुखण्याच्या गोळ्या मी कोणाले देत नव्हती. मूत्रपिंडाले त्या वाईट, म्हणून म्हाताऱ्या बाया हातापाया पडल्या तरी मी देत नव्हती. माह्या पोराले दिल्या. गोळ्याइचे पत्तेच्या पत्ते दिले, सोबत डब्यात बांधून दिले. बाकी सारं गाव बिमार होतं, तोच एक चांगला होता, असं मले माहीत होतं ना.

तिकडं शेषरावभाऊनं पुढच्या महिन्यात हात पुढं केलाच नाही. "कमी झालं ना सिस्टर, आता कायले टोचता?" मी आग्रह केला. भांडली बी. पण काय म्हणून सांगू? आकडा तुमचा नव्हता, असं? त्यानं पथ्य सोडलं, लोणचं खायले लागला, गोळ्या अर्ध्या केल्या. पोळ्याच्या आठवड्यात गेला. दीपमाला माह्या गळ्यात पडून रडली, म्हणे, "मावशी, चांगले झाले होते वं!" वय झालं होतं बाई, असं म्हणली मी. तेव्हाच जीभ झडून गेली असती तं बरं झालं असतं.

अन् दिवाळीच्या आधी संघपाल क्लासमंधी फळ्यापुढं ओकला. तोंड सुजलं होतं, पाय सुजले होते. मी अमरावतीले पोहचेपर्यंत पोराइनं त्याले दवाखान्यात नेलं होतं. आकडा नऊ पॉइंट चार.

तिथला डॉक्टर तरणा होता, पण चांगला बोलला. म्हणला, "आई, हे एका दिवसाचं नाही, दोन्ही मूत्रपिंडं वाळून लहान झालीत. सात-आठ महिने आधी आणलं असतं, औषध-पथ्य केलं असतं, तर आणखी बरीच वर्षं निघाली असती. आधी कधी तपासलं नव्हतं का?" मी म्हणली, "तपासलं होतं. चांगलं होतं." अन् हे बोलताना मी खोटं बोलत नव्हती. मले खरंच वाटे, मार्चात चांगलं होतं, हे मागून झालं, गोळ्याइनं झालं असन. मी दुसरं कितीही वाईट केलं असन, तेव्हा तं पोरगा चांगला होता. तेवढा एकच खांब होता माह्यापाशी, त्याले धरून मी उभी होती.

माही किडनी देते म्हणली. तपासलं. डॉक्टरनं कागद बाजूले ठेवला, म्हणला, तुमचीच अर्धी गेली आहे. त्याच गावचं पाणी मीही पिली, बाप्पा, मले काय सोडते ते?

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. राजापेठेतच एक खोली घेतली, मी त्याच्यापाशी राहते. दिवसभराचं पाणी पाऊण लिटर, भाजीतला रस धरून. जास्त झालं का छातीत चढते. मी सकाळी बाटली भरून तिच्यावर पेनानं रेघा मारते, अन् तो त्या रेघांकडं पाहत राहते.

मागच्या इतवारी त्यानं मोबाईल माह्यापुढं धरला. "माय, तुह्या मनासारखं झालं. ती कंपनी बुडाली. यान नव्हतं, पैसा नव्हता, काहीच नव्हतं. कोणीच जाणार नव्हतं." हसला, खोकला, पुन्हा हसला. "कोणी जाईन तं अजून शंभर वर्षं जाणार नाही. फुकटच तीन महिने भांडलो आपण."

कोणीच जाणार नव्हतं. मी नुसती गप्प राहिली असती, काहीच केलं नसतं, भाकरी थापत बसली असती, तरी तो माह्यापाशीच राहिला असता. अन् कंपनीच्या निमित्तानं का होईना, त्याचं रक्त त्याच्या नावानं तपासलं गेलं असतं. पण हे दुसरं तेव्हा माह्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी अजून खांब धरून होती.

दुसऱ्या दिवशी दीपमाला भेटायले आली. सासऱ्याची फाईल घेऊन आली होती. म्हणे, "मावशी, यात मामाजीच्या गोळ्या उरल्या आहेत, संघपालभाऊले चालतात का पाहा." गोळ्या मी बाजूले काढल्या. खाली साऱ्या चिठ्ठ्या होत्या, तारखेनुसार नीट लावलेल्या. जानेवारी, पाच. फेब्रुवारी, पाच पॉइंट एक. अन् मार्च.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिली. शेषरावचं नाव, त्या सोमवारची तारीख, अन् पुढं आकडा. मले तिथं एक पाहिजे होता. शून्य पॉइंट नऊ पाहिजे होता. दोन पॉइंट सात होता. पाचवाल्या म्हाताऱ्यासाठी तो निम्म्यावर आला होता, म्हणून त्याइनं साखर वाटली. सत्तावीस वर्षाच्या पोरासाठी तो आकडा म्हणजे घराले लागलेली आग होती, अजून इझवता येण्यासारखी. तो कागद आठ महिने माह्या शेजारच्या घरात, भिंतीपलीकडं पडून होता. माह्यापुढं धरला होता तिनं. मी साखर खाल्ली अन् तोंड फिरवलं.

दीपमाला गेली. मी चिठ्ठी घेऊन संघपालच्या खाटेपाशी गेली अन् त्याच्या हातात दिली. सांगून टाकलं. नळ्या, स्टिकर, सारं. तो फिजिक्सचा मास्तर, त्याले आकडा समजावून द्या लागला नाही. त्यानं नाव वाचलं, तारीख वाचली, आकड्यावर बोट ठेवलं. लय वेळ त्यानं ते बोट उचललं नाही.

मंग इचारलं, "अन् दुसऱ्या वेळचं? दीड आलं म्हणली होती, ते?"

"तपासलंच नव्हतं. नालीत ओतलं."

मले वाटलं, मारन. मारावं असं वाटलं. कमीत कमी एक शिवी तरी द्यावी त्यानं. त्यानं चिठ्ठीची घडी घातली, उशीखाली ठेवली, अन् भिंतीकडं तोंड केलं. खाली रस्त्यावर पोरं गाड्या पळवत क्लासले जाऊन राहिले होते.

तसाच पडून म्हणला, "माय, पाणी दे."

गोडं पाणी होतं. अमरावतीचं, नळाचं, माठ भरलेला होता. मी बाटली उजेडात धरून रेघ पाहिली. संध्याकाळचे सहा वाजले होते अन् दिवसाचे दोन घोट उरले होते. ते मी त्याले दिले. तो पिला अन् भांडं पुन्हा पुढं केलं. मी नाही म्हणली.